पंखा वाचवायचा तर जस्त मरू द्या

१ जूनला पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद होते. ३१ जुलैपर्यंतचे हे ६१ दिवस म्हणजे बोटींची दुरुस्तीची सुट्टी. मालवणजवळच्या आमच्या गावात बोटी वर ओढतात, झापं आणि ताडपत्र्या घालून शाकारतात आणि त्यांचे सुटे भाग घरोघरच्या पडव्यांत येऊन पडतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या पडवीत चुलतभावाच्या बोटीचा पंखा (पाण्यात फिरून बोट पुढे ढकलणारा), सुकाणूच्या बिजागऱ्या, दोन कड्या, चार-पाच शॅकल (साखळी अडकवायचे इंग्रजी यू आकाराचे आकडे), नांगराची साखळी आणि बादलीभर नटबोल्ट येऊन पडले होते. भाऊ पंखा पॉलिश पेपरने घासत बसला होता. पिवळाधमक व्हायचा सोडून पात्याची कड गुलाबी, जवळजवळ तांबडी निघाली.

"ह्या पितळ तांबडा कित्याक झाला रे?" त्याने विचारलं.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे गंज, किटण, विरजण असल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे असतात असा घरात समज आहे. ह्या प्रश्नाचं उत्तर खरंच होतं. अडचण एवढीच होती की त्या उत्तरातला गुन्हेगार मीच निघणार होतो. ते ओघाने येईलच.

गंज म्हणजे घाण नव्हे, बॅटरी

बोटीवरचा गंज घासून काढला की काम झालं, असं वाटतं, कारण आपण गंजाला घाण समजतो. घाण बाहेरून येऊन बसते. गंज मात्र धातूचाच झालेला असतो. आमच्याकडचा जांभा दगड तांबडा दिसतो तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. रेडीच्या खाणीतून निघणारं खनिज आणि बोल्टावरचा तांबडा भुगा हे एकाच कुळातले: लोखंड, ऑक्सिजन आणि कमी-अधिक पाणी. भट्टीत प्रचंड उष्णता ओतून आपण त्या दगडातून लोखंड ओढून काढतो, आणि संधी मिळाली की ते परत दगड व्हायला निघतं. गंजणं म्हणजे लोखंडाचं माहेरी जाणं.

ही वाट विजेची आहे. शाळेत लिंबात तांब्याची तार आणि जस्ताची पट्टी खोचून घड्याळ चालवून दाखवतात, तोच प्रकार. त्याला चार गोष्टी लागतात. इलेक्ट्रॉन देणारा धातू, ते घेणारी जागा, दोघांना जोडणारा धातूचा रस्ता आणि दोघांना भिजवणारं खारट किंवा आंबट पाणी. चारही असतील तर देणारा धातू विरघळत जातो, घेणारा सुखरूप राहतो. बोटीवर ह्या चारही गोष्टी बारा महिने हजर असतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि असं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी सहज वीज वाहू देतं. आणि एकाच खिळ्याची एक बाजू देणारी, दुसरी घेणारी होऊ शकते. दोन वेगळे धातू हवेतच असं नाही.

ह्यापुढे जे जे उपाय सांगणार आहे ते सगळे ह्या चारांपैकी एखादी कडी तोडण्याचे प्रकार आहेत. रंग पाण्याला दूर ठेवतो. नायलॉनचा वायसर धातूचा रस्ता तोडतो. जस्ताचा तुकडा देणाऱ्याची जागा घेतो. घासून चकचकीत केल्याने मात्र चारपैकी एकही कडी तुटत नाही.

मिठाची बरणी

सर्वांत स्वस्त उपाय गोड्या पाण्याचा, आणि तो का चालतो हे स्वयंपाकघरात दिसतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत मिठाला पाणी सुटतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ओलं व्हायला लागतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच हवेतलं पाणी ओढायला लागतं. कोकणात हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे कडीवर वाळलेला खाऱ्या पाण्याचा थेंब आपल्याला वाळलेला दिसतो, धातूच्या दृष्टीने तो वर्षभर ओलाच असतो.

म्हणून तर बोटीवर एक उलटं दृश्य दिसतं. उघड्यावरची, पावसात झोडपली जाणारी कडी बरी असते आणि केबिनच्या छताखाली, आडोशाला असलेली जास्त सडते. पाऊस मीठ धुऊन नेतो. आडोशाचं मीठ तिथेच साचतं. मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आपल्या खिडकीच्या ग्रिलची वरची आणि खालची बाजू बघावी, हेच दिसेल. भावाला मी एकच सवय लावायला सांगितली: धंद्यावरून, म्हणजे मासेमारीवरून, आलं की दोन बादल्या गोडं पाणी, आणि ते सांध्यांवर, स्क्रूच्या डोक्यांवर, खालच्या अंगाला. फळ्या धुतल्या नाहीत तरी चालेल.

धातूंची उतरंड

आता दोन वेगळे धातू शेजारी आले की काय होतं? समुद्राच्या पाण्यात धातूंची एक उतरंड लागते. सगळ्यात तळाशी, म्हणजे सगळ्यांत आधी विरघळायला तयार, मॅग्नेशियम. मग जस्त, मग ॲल्युमिनियम, मग साधं लोखंड. त्यावर शिसं आणि कथील, त्यावर पितळ (तांबं आणि जस्त), तांबं, ब्राँझ (तांबं आणि कथील). त्याच्याही वर, अंगावरचं संरक्षण शाबूत असेल तर, स्टेनलेस स्टील. आणि शेंड्यावर ग्रॅफाइट, जे धातूही नाही. उतरंडीतली कुठलीही दोन मडकी खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटली की खालचं फुटतं आणि वरचं वाचतं. दोघांत अंतर जितकं जास्त तितका वेग जास्त. (ग्रॅफाइट शेंड्यावर आहे म्हणूनच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने खुणा करू नयेत आणि ग्रॅफाइटचं ग्रीसही लावू नये. हे बहुतेकांना थट्टा वाटते.)

अंतरापेक्षाही एक गोष्ट जास्त घातक असते, ती म्हणजे आकार. ह्याचा धडा ब्रिटिश नौदलाला फार महाग पडला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून १७६१ साली 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि तिला वेस्ट इंडीजला धाडलं. परत आल्यावर पाहतात तर तांबं ठीक होतं, पण पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे सडून गेले होते. तांब्याचा प्रचंड पसारा इलेक्ट्रॉन मागत होता आणि द्यायला होते बिचारे मूठभर खिळे. गंमत अशी की काही खिळे चांगले राहिले होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी तसाच खिळा आणि पत्रा यांच्या मधे राहिला होता. आळसाने न काढलेल्या कागदाने खिळे वाचवले.

म्हणजे नियम असा: जोडणारी वस्तू ही जोडल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा उतरंडीत वरची असावी किंवा निदान बरोबरीची. लोखंडी पट्टीला ब्राँझचा बोल्ट एकवेळ चालतो, कारण मोठी पट्टी थोडी थोडी झिजते. ब्राँझच्या पट्टीला लोखंडी बोल्ट अजिबात नाही. आमच्या बादलीतल्या बोल्टांपैकी ज्यांची डोकी हातात आली आणि धड आतच राहिली ते सगळे असेच लग्न लागलेले होते.

जस्ताचा बळी

मग ह्याच नियमाचा उपयोग करून घेता येईल का? हे नेमकं हम्फ्री डेव्ही ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला सुचलं. १८२४ साली त्याने तांब्याच्या पत्र्यांना मुद्दाम लोखंडाचे आणि जस्ताचे छोटे ठोकळे जोडून दाखवलं की तांबं विरघळायचं थांबतं. प्रयोगासाठी घेतलेल्या जहाजांपैकी 'समारांग' हे आपल्याकडे, कोचीनला बांधलेलं होतं. उपाय अचूक चालला, आणि तरी फसला. तांबं विरघळायचं थांबलं आणि त्याबरोबर तांब्याचं विषही पाण्यात सुटायचं थांबलं. त्या विषामुळेच बुडाला शेवाळ आणि बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) धरत नव्हते. वाचलेल्या तांब्यावर सागरी जंगल उगवलं, जहाजं मंदावली आणि नौदलाने ते ठोकळे काढून टाकले. रसायनशास्त्र बरोबर असूनही माणूस कसा तोंडघशी पडतो त्याचं ह्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. निदान गेल्या वर्षीपर्यंत नव्हतं.

आज जहाजांच्या बुडाला, सुकाणूला, शाफ्टला (पंखा फिरवणाऱ्या दांड्याला) जस्ताचे तुकडे लावतात ते डेव्हीच्याच कल्पनेचे वंशज. भावाच्या बोटीत पंख्याच्या शाफ्टवर जस्ताचं एक कडं बसतं: दोन अर्धी, बोल्टने आवळलेली. ते झिजतं, पंखा आणि शाफ्ट वाचतात. आता गुन्हा कबूल करतो. त्याआधीच्या वर्षी बोट रंगवायला मी मदतीला होतो. बुडाला लावायचा तांबडा रंग उरला होता, ते करड्या रंगाचं कडं उघडं दिसत होतं, बरं दिसेना. मी त्यावर दोन हात मारले. जस्ताला पाणी लागलंच पाहिजे, नाहीतर चौथी कडी तुटते आणि ते जस्त नुसतं शोभेचं उरतं. आठ-नऊ महिन्यांनी कडं काढलं तेव्हा ते नव्यासारखं होतं. भावाला वाटलं, वा, जस्त काय टिकलं! टिकलेलं जस्त ही सगळ्यांत वाईट बातमी असते.

जस्त मरायला तयार नाही म्हटल्यावर उतरंडीतला पुढचा कोण, ह्याचा शोध समुद्राने घेतला आणि तो पंख्याच्या पोटातच सापडला. पंख्यांच्या धातूला बाजारात 'मँगनीज ब्राँझ' म्हणतात, पण त्यात कथिलापेक्षा जस्तच भरपूर असतं. जवळपास ४० टक्के. म्हणजे नाव ब्राँझ, जात पितळ. बाहेरचं जस्त झाकलेलं, मग आतलं जस्त विरघळून निघालं आणि मागे राहिलं तांबं, स्पंजासारखं भोकाभोकांचं. तेच ते गुलाबी. आकार तोच राहतो, पात्याची जाडीही तीच दिसते, पण ताकद गेलेली असते. ओळखायची सोपी रीत अशी की पंखा दोरीला टांगून पात्यावर लाकडाने टकटक करायची. निरोगी पातं घंटेसारखं वाजतं, पोखरलेलं थापीसारखं. आमचं थापीसारखं वाजलं. गुलाबी कड कितीही घासली तरी पितळ परत येत नाही, कारण गेलेलं जस्त मालवणच्या समुद्रात आहे.

तर जस्त लावताना तीन गोष्टी. त्याच्या बसण्याची जागा लख्ख खरवडून घ्यायची, रंग किंवा ग्रीस मधे नको; मल्टिमीटरने जस्त आणि शाफ्ट यांच्यातला रोध मोजला तर तो एक ओहमच्या आतच आला पाहिजे. त्यावर रंग कधीही नाही. आणि अर्धं झिजलं की बदलायचं, संपायची वाट बघायची नाही. बोट गोड्या पाण्यात असेल तर जस्त फारसं कामाचं नाही. त्यावर पांढरट थर धरून ते झोपी जातं, तिथे मॅग्नेशियम लावतात. खाडीच्या मुखाशी, जिथे पाणी कधी खारं कधी गोडं, तिथे ॲल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचे तुकडे बरे.

पण ज्यांच्या बोटी लाकडी आहेत त्यांनी जस्ताचाही अतिरेक करू नये. वाचवल्या जाणाऱ्या धातूच्या भोवती पाण्यात अल्कली तयार होते, म्हणजे सौम्य कॉस्टिकच. जस्त गरजेपेक्षा जास्त असेल तर ती अल्कली बोल्टाभोवतीचं लाकूड मऊ करून टाकते. धातू ठणठणीत आणि त्याला धरणारी फळी भुसभुशीत, अशी अवस्था होते. लाकूड हा ह्या नाटकातला गप्प बसणारा प्रेक्षक नाहीच. ओकच्या लाकडातली आम्लं लोखंडाला खातात. सागवानाचं तेल उलट त्याला सांभाळतं. मुंबईच्या गोदीत वाडिया ह्या जहाजं बांधणाऱ्या घराण्याने सागात बांधलेल्या जहाजांना इतका मान होता त्यामागे हेही एक कारण आहे. १८१७ साली तिथून पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे.

चोर वीज

इथवर जे सांगितलं ते सगळं महिन्या-वर्षांचं काम. बोटीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीतून वीज गळत असेल तर तेच काम दिवसांत होतं. हिशोब सोपा आहे: एक अँपिअर प्रवाह वर्षभर चालला तर सुमारे नऊ किलो लोखंड विरघळवू शकतो. बारा व्होल्टवर बारा वॅटचा एक छोटा दिवा एवढाच प्रवाह घेतो. तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची एखादी वायर सोललेली असेल आणि ती त्याच पाण्यात लोळत असेल तर प्रवाह तिथून बुडाच्या फिटिंगमधून समुद्रात निघतो. एकाच हंगामात नवं जस्त फस्त झालं किंवा पंखा अचानक कोऱ्या तांब्यासारखा चकाकायला लागला तर आधी वायरिंग बघा. सगळी बटणं बंद करून बॅटरीच्या धन टोकाची वायर काढायची आणि त्या वायरीच्या व टोकाच्या मधे मीटर लावून अँपिअर मोजायचे. काहीच चालू नसताना आकडा दिसला की चोर घरात आहे. वायर घेताना कथिलाचा मुलामा दिलेलीच घ्यावी. बिनमुलाम्याची तांब्याची वायर आतून काळी पडत जाते. आपल्या आज्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घेत, नाहीतर ताक कळकायचं, हे ज्यांना आठवतं त्यांना कथिलाचा हा मुलामा समजावून सांगायला नको.

स्टेनलेसचा गैरसमज

बादलीतले सगळ्यांत फसवे तुकडे स्टेनलेसचे होते. "ह्याका गंज चढना नाय," असं सांगून विकलेले, आणि सगळ्यांच्या अंगावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग.

स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा धरतं. ओरखडा पडला तरी पापुद्रा आपोआप परत धरतो, पण एका अटीवर: ऑक्सिजन मिळत राहिला पाहिजे. वायसरखाली, रबराच्या पट्टीखाली, बार्नॅकलच्या बुडाशी, फळीत शिरलेल्या बोल्टाच्या आतल्या भागात पाणी साचून राहतं, ऑक्सिजन संपतो, क्लोराइड मात्र भरपूर. तिथे पापुद्रा फाटतो आणि परत धरत नाही. म्हणून स्टेनलेसचा बोल्ट बाहेरून आरशासारखा आणि आतून, जिथे दिसत नाही तिथे, उंदराने कुरतडल्यासारखा निघतो. पाण्याखालच्या लाकडात तर त्याच्यावर मुळीच विसंबू नये. दर काही वर्षांनी एखादा बोल्ट उपसून बघणं हीच एक खात्री.

किनाऱ्यावर ३१६ नंबरचं घ्यावं, ३०४ नको. दोघांत क्रोमियम आणि निकेल असतं, ३१६ मध्ये त्यावर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडपुढे तेच थोडं जास्त तग धरतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात त्याचा ह्यासाठी काही उपयोग नाही. दोन्ही जवळजवळ चिकटतच नाहीत, आणि थंड अवस्थेत वाकवलेला किंवा ताणलेला चांगला तुकडाही थोडा चिकटू शकतो.

डाग काढायला लोखंडी तारेचा ब्रश किंवा भांडी घासायची लोखंडी घासणी वापरली की संपलं. तिचे बारीक कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि आठ दिवसांत दुप्पट डाग. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच तर ह्याचे वैरीच, दोन्हींत क्लोरीन आहे. मी वापरलं ते वाण्याकडचं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड: लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम, त्यात तुकडे अर्धा-पाऊण तास, नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर गोड्या पाण्यात धुतले. ते पृष्ठभागावरचं मोकळं लोखंड विरघळवतं आणि क्रोमियमला पापुद्रा धरायला मोकळी जागा देतं. इथे मात्र चकाकी खरंच कामाची: जितका पृष्ठभाग गुळगुळीत तितकं मीठ कमी अडकतं.

लोखंड, हिरडा आणि रंगाची घाई

जड गंजलेल्या लोखंडी बिजागऱ्यांचं काम सगळ्यांत जास्त वेळ खातं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट फुगतो; म्हणून दिसतो ढीगभर आणि आतलं लोखंड अनेकदा शाबूत असतं. आधी हातोडीने ठोकून पापुद्रे पाडायचे, मग तारेचा ब्रश. त्यानंतरची पायरी लोक गाळतात ती म्हणजे गरम गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुणं. खड्ड्यांच्या तळाशी मीठ बसलेलं असतं. ते तसंच ठेवून वर कितीही भारी रंग लावा, मीठ रंगातून पाणी ओढून घेतं आणि वर्षाच्या आत फोड येतात.

जे ब्रशने निघत नाही त्यावर फॉस्फोरिक ॲसिडवालं द्रावण किंवा टॅनिनवालं द्रावण लावतात. टॅनिन म्हणजे काय, तर हिरड्यात असतं ते. हिरडा आणि लोखंडाचा कीस मिळून पूर्वी काळी शाई करत; तीच अभिक्रिया इथे होते. गंजाचं निळसर काळ्या, चिकटून राहणाऱ्या थरात रूपांतर होतं. मी हौसेने हिरड्याचा काढा एका कडीवर लावून बघितला. कडी काळी झाली, समाधान झालं, पण बाकीच्यांना बाजारातलंच द्रावण लावलं. हा थर म्हणजे रंगाचा पाया, रंगाची जागा तो घेऊ शकत नाही.

त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला हात, मग इपॉक्सी रंग, आणि उन्हात राहणाऱ्या भागांना शेवटी पॉलियुरेथेन, कारण उन्हाने इपॉक्सी खडूसारखं होतं. कडांना आणि वेल्डिंगच्या शिवणींना आधी ब्रशने एक जादा हात द्यायचा. ओला रंग कडेवरून मागे सरकतो आणि गंज नेहमी कडेपासूनच सुरू होतो. पावसाळ्यातली खरी अडचण हवेची आहे. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग नकोच, आणि धातूचं तापमान दव पडण्याच्या तापमानापेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवं, नाहीतर न दिसणाऱ्या दवावरच आपण रंग लावतो. जुलैत मालवणात असा दिवस शोधणं म्हणजे ऑगस्टची वाट बघणं. आम्ही बिजागऱ्या एका खोलीत पिवळ्या बल्बांखाली रात्रभर तापवल्या आणि सकाळी लगेच प्रायमर मारला. उघडं लोखंड दुपारपर्यंत ठेवलं असतं तर पुन्हा लालसर झालंच असतं.

साखळीला मात्र ॲसिड नाही. तिच्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला थर असतो, तोच तिचा रखवालदार. ॲसिड आधी त्यालाच खाईल. चिखल धुवायचा, कोरडी टांगायची, आणि बऱ्याच कड्यांवर लाल दिसायला लागलं की पुन्हा जस्तात बुडवून आणायची.

पितळ आणि ॲल्युमिनियम

केबिनमधल्या पितळी कड्या-कोयंड्यांना चिंच-मीठ चालेल, कुणी पितांबरी लावा. फक्त आंबट आणि मीठ मागे राहू देऊ नका. सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडं पुसून मेण चोळायचं. पण पाण्याखाली पितळ नको. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक पितळेचा असेल तर तो पंख्यासारखाच आतून तांबडा होतो, आणि एक दिवस हाताने पिरगळताच तुटतो. पंखा गेला तर बोट थांबते, कॉक गेला तर बुडते. कुठलाही जुना कॉक कानशीने जरा खरवडून बघा: पिवळा निघाला तर ठीक, गुलाबी निघाला तर त्याच दिवशी बदला. ब्राँझवरची तपकिरी साय मात्र घासू नका, ती त्याला राखते.

ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर स्टेनलेसच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसते ती उतरंडीचीच करामत. स्क्रू काढून मधे नायलॉनचा वायसर आणि लोकरीतून निघणारं लॅनोलिनचं ग्रीस. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम कधीही धुऊ नये, ते धुतलं जात नाही, विरघळतं. आणि तांबं असलेला बुडाचा रंग त्याच्या आसपासही नको.

हे सगळं करून दमलेला भाऊ एकदा म्हणाला, बोटीत धातूच नसता तर? तशी बोट आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या आहेत, त्यांना खिळे नाहीत. भावाने विचार करून विचारलं, काथो किती वर्षांनी बदलूचो?

नारळी पौर्णिमेच्या आधी नवा पंखा आला, नवं कडं बसलं. सांध्यातले बोल्ट ग्रीस लावूनच आवळले, म्हणजे पुढच्या वर्षी डिझेल ओतून आणि शिव्या घालून काढावे लागणार नाहीत. बोट पाण्यात जायच्या आदल्या संध्याकाळी मी बुडाखाली वाकून बघितलं तर शाफ्टजवळ भावाने खडूने मोठा बाण काढला होता. शेजारी लिहिलं होतं: "मास्तरांनी हय रंग लावूचो नाय."